सूर्याचे सरपण



लहान मुले कधी कधी असा काही प्रश्न विचारतात, की भल्याभल्यांनी डोके खाजवीत बसावे. 'गुरुजी, सूर्याच्या चुलीत सरपण कोण घालतो?' हा त्यांतलाच एक. आपण मोठी माणसे असा प्रश्न हसण्यावारी नेतो, किंवा 'अरे, तो आगीचा गोळाच आहे' असे सांगून मोकळे होतो. पण हे काही उत्तर नव्हे. आग म्हटली की तिला जळण हवे. घरच्या चुलीत तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या सारख्या सारीत राहावे लागते. घटकाभर हात आखडला की चूल विझते. मग सूर्याची चूल इतकी वर्षे कशावर चालली आहे? हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांपुढे पडला होता, आणि त्याचे खरे उत्तर हाती यायला पाऊणशे-ऐंशी वर्षे लागली. त्या शोधाची हकीकत आज पाहू.

प्रथम या चुलीचा जाळ केवढा, ते पाहिले पाहिजे. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. इतक्या लांबून आलेली त्याची उष्णता आपल्या हवेच्या थराबाहेर मोजली, तर एका चौरस मीटरवर १,३६० वॉटच्या आसपास भरते. म्हणजे घोंगडीभर जागेवर हजार वॉटची विजेची शेगडी सहज चालेल. बरे, सूर्य उष्णता फेकतो ती सगळीकडे. त्यातला सुमारे २२० कोटींतला एक भाग काय तो आपल्या पृथ्वीच्या वाट्याला येतो. तेवढ्यावर आपली पिके, पाऊस, वारा, नद्या, सगळे चालते. बाकीची उष्णता अवकाशात निघून जाते. आणि हे आज-काल नव्हे, अखंड चालले आहे.

आता समजा, सूर्य म्हणजे उत्तम प्रतीच्या दगडी कोळशाची रास आहे, आणि तो जाळायला लागणारा प्राणवायूही हवा तेवढा मिळतो आहे. सूर्याचे वजन पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट. केवढी प्रचंड रास! पण हिशेब मांडला तर ती साधारण पाच हजार वर्षांत जळून खाक होते. मोहेंजोदडोचे लोक पक्क्या विटांची घरे बांधीत होते त्याला सुमारे साडेचार हजार वर्षे झाली. म्हणजे त्या काळाच्या थोडे आधी पेटलेला कोळशाचा सूर्य आपल्यापर्यंत पोचता पोचता विझला असता. तेव्हा कोळसा नाही, लाकूड नाही. आपल्या चुलीतल्यासारखे कोणतेच जळण सूर्यात नाही. सूर्य 'जळत' नाही, हा या हकीकतीतला पहिला धडा.

मग उष्णता येते कोठून? जळणावाचूनही उष्णता निर्माण होते, हे आपल्या लोहाराला चांगले ठाऊक आहे. गार लोखंडावर घणाचे घाव घालीत गेले की ते हाताला चटका देण्याइतके तापते. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हे तर शाळेतला कोणताही मुलगा सांगेल. पडणे, दाबले जाणे, यातून उष्णता निघते. १८५४ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने हाच विचार सूर्याला लावला. सूर्य स्वतःच्याच वजनाखाली हळूहळू आक्रसत असला पाहिजे, आणि त्या दाबाने त्याची उष्णता निर्माण होत असली पाहिजे, असे त्याने मांडले. यासाठी सूर्याने दरवर्षी शंभर मीटरांहूनही कमी आक्रसले तरी पुरते. ज्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे, त्याच्या अंगावरचा एवढा फरक कोणाच्या डोळ्याला दिसणार?

कल्पना मोठी सुरेख होती. ब्रिटनमध्ये लॉर्ड केल्विन यांनी ती उचलून धरली. पण तिच्यात एक अडचण होती. या मार्गाने सूर्याला काही कोटी वर्षे पुरेल एवढेच भांडवल मिळते. केल्विननी १८६२ मध्ये लिहिले, की सूर्य दहा कोटी वर्षांहून अधिक काळ पृथ्वीवर तळपत नसावा. पुढे १८९७ मध्ये त्यांनी पृथ्वीचे वय दोन ते चार कोटी वर्षांवर आणून ठेवले.

इकडे भूगर्भशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ यांना हा आकडा मुळीच मानवेना. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात इंग्लंडमधल्या एका खोऱ्याची झीज पाहून तीस कोटी वर्षांचा अंदाज दिला होता. टीका झाली तेव्हा पुढच्या आवृत्तीतून तो त्याने काढून टाकला. एका बाजूला डोंगर, नद्या आणि जुन्या प्राण्यांचे सांगाडे. दुसऱ्या बाजूला त्या काळच्या सर्वांत नामांकित भौतिकशास्त्रज्ञाचे गणित. गणितात चूक कोणालाही सापडत नव्हती. मग खोटे कोण?

या वादाचा निकाल आपल्या पायाखालीच होता, असे म्हटले तरी चालेल. आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा बनला आहे, तो लाव्हारस सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून वर आला आणि थरावर थर साचत गेला. घाटातून जाताना डोंगराच्या कड्यावर पायऱ्यांसारखे दिसतात ना, तेच ते थर. केल्विननी शेवटी जे वय ठरवले, त्याहून आपला हा घाटमाथाच वयाने मोठा आहे! अर्थात दगडाचे वय मोजण्याची विद्या केल्विनच्या ऐन उमेदीत नव्हती. किरणोत्सर्गाचा शोध १८९६ मध्ये लागला, आणि त्याच्या आधाराने खडकांची वये काढता येऊ लागली. १९०७ मध्ये बोल्टवुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने काही खडकांची वये चाळीस कोटींपासून दोनशे कोटींच्याही पुढे जातात असे दाखवले. आज आपल्याला उल्कापाषाणांवरून ठाऊक आहे, की सूर्याचा हा सगळा परिवार सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे केल्विनचे गणित बरोबर होते, पण त्यात धरलेले सरपण चुकीचे होते. तिसरेच काहीतरी जळण सूर्यापाशी असले पाहिजे, हे आता उघड झाले.

ते कोणते, हे कळण्यासाठी आधी सूर्यात आहे काय, हे कळायला हवे. तिथे जाऊन मूठभर माल कोण आणणार? पण एक युक्ती आहे, आणि तिची सुरुवात तुमच्या स्वयंपाकघरात दिसते. मीठ घातलेले पाणी उतू जाऊन जाळावर सांडले, की ज्योत एकदम पिवळीधमक होते. तो रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्य तापले की स्वतःच्या ठराविक रंगांच्या रेषा देते. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे हे आहे. एकाचा ठसा दुसऱ्याशी जुळत नाही. सूर्याचा प्रकाश लोलकातून नेऊन त्याचा वर्णपट पसरला, की त्यातल्या रेषांवरून तिथे कोणकोण हजर आहे याची हजेरी घेता येते.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण आपल्या देशातून दिसले. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा आंध्रातल्या गुंटूरला होते, आणि लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत दुर्बीण लावून बसले होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत तेजस्वी रेषा दिसल्या. पुढे ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी ग्रहण नसतानाही त्या रेषा पाहिल्या. त्यांतली एक पिवळी रेषा सोडियमच्या अगदी शेजारची, पण सोडियमची नव्हे, असे त्यांच्या ध्यानात आले. या नव्या द्रव्याला 'हेलियम' हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत हेलिओस म्हणजे सूर्य. पृथ्वीवर तो वायू सापडला १८९५ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी!

शिक्षकांसाठी येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. लॉकियर यांनी १८६८ मध्ये हेलियमचा शोध विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून लावला, असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते. पण १८६८ मध्ये ते इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाच्या वेळी पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला वेध घेतले. विजयदुर्गाचा मान यामुळे कमी होत नाही. मात्र वर्गात सांगताना सन नीट सांगावा.

तर वर्णपटात रेषा दिसल्या, पण कोणते द्रव्य किती, हे काही रेषांच्या ठळकपणावरून थेट कळत नाही. उष्णतामान बदलले की रेषाही बदलतात. हे कोडे १९२० मध्ये आपल्या मेघनाद साहांनी सोडवले. किती तापमानाला आणि किती दाबाखाली कोणत्या द्रव्याचे अणू आपले इलेक्ट्रॉन सोडतात, याचे सूत्र त्यांनी मांडले. या सूत्राच्या बळावर सेसिलिया पेन या पंचविशीतल्या तरुणीने अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत १९२५ मध्ये हिशेब केला. निघाले काय? तर तारे मुख्यतः हायड्रोजनचे आणि हेलियमचे बनलेले आहेत! तोपर्यंत सर्वांची समजूत अशी, की सूर्यात पृथ्वीसारखेच लोखंड, सिलिकॉन वगैरे प्रमाणात आहे. रसेल या वजनदार ज्योतिर्विदांनी तिला कळवले, की हे अशक्य आहे. तेव्हा आपला हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असे बिचारीला स्वतःच्या प्रबंधात लिहावे लागले. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, रसेल स्वतःच्या वाटेने त्याच उत्तराला येऊन पोचले, आणि तिचे म्हणणे खरे ठरले. सूर्याच्या वजनात चार भागांपैकी जवळजवळ तीन भाग हायड्रोजन, बाकीचा बहुतेक हेलियम, आणि उरलेली सगळी द्रव्ये मिळून दोन टक्क्यांच्या आत, हे आज सर्वमान्य आहे.

आता सरपणाचा पत्ता लागतो. १९२० च्या सुमारास केंब्रिजमध्ये अ‍ॅस्टन नावाचे शास्त्रज्ञ अणूंची वजने अतिशय बारकाईने करीत होते. हेलियमचा एक अणू हायड्रोजनच्या चार अणूंच्या ऐवजाचा. पण तराजूत घालावे तर वजन जुळेना. चार हायड्रोजन मिळून ४.०३१ आणि एक हेलियम ४.००३! म्हणजे एक किलो हायड्रोजनचा हेलियम केला तर तो ९९३ ग्रॅमच भरतो. सात ग्रॅम गेले कोठे? आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्येच सांगून ठेवले होते, की वस्तुमान आणि ऊर्जा ही एकाच नाण्याची दोन रूपे आहेत. ते सात ग्रॅम ऊर्जा होऊन बाहेर पडतात. आणि किती? आपल्या वीजबिलाच्या भाषेत सांगायचे तर सुमारे १७ कोटी युनिट! १९२० मध्ये एडिंग्टन यांनी जाहीर भाषणात सुचवले, की ताऱ्यांचे भांडार हेच असावे.

पण येथेही मोडता होताच. हायड्रोजनच्या अणूचा गाभा म्हणजे प्रोटॉन. सगळ्या प्रोटॉनांवर एकाच जातीचा विद्युतभार, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. सूर्याच्या मध्याशी सुमारे दीड कोटी अंश उष्णता आहे. तरी जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे ती त्यांना एकत्र आणायला पुरत नाही. वाट दाखवली ती नव्या भौतिकशास्त्राने, ज्याला पुंजयामिकी म्हणतात. चेंडू भिंतीपलीकडे जायचा, तर तो भिंतीहून उंच उडालाच पाहिजे, हा आपल्या अंगणातला नियम. अणूच्या जगात मात्र भिंत न ओलांडताही कण कधीमधी पलीकडे सापडतो. १९२८ मध्ये गॅमो यांनी हे दाखवले, आणि १९३८-३९ मध्ये हान्स बेथे यांनी प्रोटॉनांतून हेलियम घडण्याच्या पायऱ्या एकामागून एक मांडल्या. त्याबद्दल त्यांना १९६७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हे मीलन किती दुर्मीळ! सूर्याच्या गाभ्यातल्या एखाद्या प्रोटॉनाला जोडीदार मिळायला सरासरी शेकडो कोटी वर्षे थांबावे लागते. म्हणून तर सूर्य बाँबसारखा एकदम उडून जात नाही. आणि आता एक गंमत ऐका. किलोला किलो लावून पाहिले, तर सूर्यापेक्षा तुमच्या-आमच्या शरीरात हजारो पट अधिक उष्णता निर्माण होते! परसातला शेणखताचा उकिरडासुद्धा या बाबतीत सूर्याला मागे टाकील. सूर्याचे सामर्थ्य त्याच्या आगीच्या जोरात नाही, त्याच्या आकारात आहे. मंद आच, पण चूल मात्र डोंगराएवढी नव्हे, लाखो पृथ्वींएवढी. या चुलीत दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो, आणि त्यातले ४२ लाख टनांवर वस्तुमान ऊर्जारूपाने बाहेर पडते.

या चुलीला राखण करणारा कोणी लागत नाही, हेही ध्यानात घ्या. आच थोडी वाढली, की गाभा फुगतो. फुगला की थोडा निवतो. निवला की आच पुन्हा खाली येते. आच कमी झाली तर वरच्या थरांच्या वजनाने गाभा दबतो, तापतो, आणि आच पूर्ववत होते. घरातली जुनी जाणती बाई जसा जाळ पुढेमागे सारून भाकरी करपू देत नाही, तसे हे काम वजन आणि दाब ही जोडी मिळून करते.

आता तुम्ही म्हणाल, 'हे सगळे कागदावर ठीक आहे हो, पण सूर्याच्या पोटात कोण डोकावून आला?' शंका रास्त आहे. सूर्याच्या गाभ्यात निर्माण झालेली ऊर्जा ठेचकाळत, वळसे घेत पृष्ठभागावर यायला हजारो वर्षे, कदाचित लाखभरही वर्षे लागतात. तिथून आपल्यापर्यंतचा प्रवास मात्र आठ मिनिटे वीस सेकंदांचा. म्हणजे आज अंगणात पडलेले ऊन हे फार जुन्या चुलीचे ऊन आहे. गाभ्यातली चूल काल विझली असती, तरी नुसत्या उन्हावरून ते आपल्याला पुढे कित्येक पिढ्या कळले नसते!

पण हायड्रोजनचा हेलियम होताना न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. ते कशालाच अडत नाहीत. सूर्याच्या पोटातून थेट निघून आठ मिनिटांत येथे येतात. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो आरपार जातात. दिवसा आणि रात्रीही, कारण पृथ्वीसुद्धा त्यांना अडवू शकत नाही. ते पकडणे महाकठीण. अमेरिकेत रेमंड डेव्हिस यांनी सोन्याच्या एका खोल खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, पावणेचार लाख लिटरांच्या वर द्रव भरलेली टाकी ठेवली. कपड्यांच्या कोरड्या धुलाईला वापरतात तोच हा द्रव. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून ते मोजीत राहिले. न्यूट्रिनो सापडले, पण अपेक्षेच्या एक तृतीयांशच!

पुन्हा जुनाच पेच उभा राहिला. डेव्हिसची मोजणी चुकली, की सूर्याचे गणित चुकले? की सूर्याची चूल खरोखरच मंदावत चालली आहे? अशीही भीती काहींनी बोलून दाखवली. तीस वर्षे हे कोडे पडून होते. २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरी येथील खाणीत जड पाण्याच्या टाकीने निर्णय दिला. न्यूट्रिनो वाटेत आपली जात बदलतात. डेव्हिसची टाकी त्यांच्यातल्या एकाच जातीला पकडीत होती. तिन्ही जाती मोजल्या तर हिशेब चोख जमतो. म्हणजे मोजणीही खरी आणि सूर्याचे गणितही खरे. चूक होती ती न्यूट्रिनोबद्दलच्या आपल्या समजुतीत. २०१४ मध्ये इटलीतल्या एका डोंगराखालच्या प्रयोगाने प्रोटॉनांच्या पहिल्याच मीलनातून निघणारे न्यूट्रिनो टिपले. हजारो वर्षांपूर्वीच्या चुलीचे ऊन आणि आठ मिनिटांपूर्वीच्या चुलीचे न्यूट्रिनो, दोघांचा मेळ बसला. चूल शाबूत आहे.

ती किती पुरेल? आणखी सुमारे पाचशे कोटी वर्षे. मात्र सूर्य फार हळू का होईना, अधिक प्रखर होत चालला आहे. शंभर कोटी वर्षांत तो सुमारे दहा टक्क्यांनी अधिक तळपू लागेल, आणि तेव्हाच पृथ्वीवर राहणे अवघड होईल. पण शंभर कोटी वर्षांची काळजी आज कोणी करू नये. आपल्या देशाने २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले 'आदित्य-एल १' हे यान आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन सूर्यावर नजर ठेवण्यासाठीच पाठवलेले आहे. त्यावरची अतिनील किरणांत सूर्याची छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेत तयार झाली आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, तेव्हा वर्गात तो प्रश्न आला तर टाळू नका. सायकलचा पंप मुलांच्या हातात द्या, मिठाच्या पाण्याने ज्योत पिवळी करून दाखवा, घाटातले दगडाचे थर दाखवा. सूर्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून पाहू देऊ नका. डोळा कायमचा जातो. आणि मग सांगा, की सूर्याच्या चुलीत सरपण कोणी घालीत नाही. त्याने ते जन्मतःच सोबत आणले आहे. ते हायड्रोजनचे आहे, ते जळत नाही, तर जोडले जाते, आणि जोडले जाताना थोडे हलके होते. त्या हलकेपणावर आपल्या शेतातली ज्वारी पिकते. हे इतके साधे उत्तर मिळवताना केल्विनसारख्यांचे अंदाज चुकले आणि सेसिलिया पेनसारखीला खरे असूनही माघार घ्यावी लागली, हेही मुलांना जरूर सांगा. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून नव्हे, तर मोजून पाहिले म्हणून मानायचे, एवढे जरी त्यांच्या मनात ठसले, तरी तो तास कारणी लागला म्हणायचा.